हरल्याचे पेढे

लिहून ठेवणार : उखर्डू गिरधर बोरसे, वय वर्षे बहात्तर, सेवानिवृत्त अव्वल कारकून, तहसील कार्यालय, राहणार भडगाव, जिल्हा जळगाव.

हे मृत्युपत्र मी माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीत बसून, स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे, स्मरण ठीक आहे, आणि माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. ज्यांनी आणला असता त्यांना प्रचारातून सवड नाही. डॉ. प्रज्ञा सपकाळे यांनी मला तपासून मन ठिकाणावर असल्याचा दाखला दिला आहे. वीस वर्षे आर्सेनल नावाच्या इंग्लंडमधल्या फुटबॉल संघाच्या मागे लागलेल्या माणसाला असा दाखला मिळालाच कसा, असे शेजारी पितांबर वाणी विचारतात. त्यांचा समाचार पुढे योग्य त्या कलमात घेतला आहे.

परवा सोमवारी, दिनांक २० मे रोजी, जळगावला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. उद्या रविवारी संध्याकाळी दाखल व्हायचे आहे. नेमक्या त्याच संध्याकाळी इंग्लंडच्या साखळी स्पर्धेचा शेवटचा दिवस आहे. मँचेस्टर सिटी आमच्या दोन गुणांनी पुढे आहे. ते घसरले आणि आम्ही जिंकलो तर वीस वर्षांनी विजेतेपद आमचे. ते घसरणार नाहीत हे मला ठाऊक आहे. डॉक्टरीणबाईंनी सामना पाहायला मनाई केली आहे, आणि ती मी पाळणार आहे.

परंतु हे मृत्युपत्र त्या सामन्यासाठी नाही. माझे दोन मुलगे माझ्या राहत्या घराच्या मधोमध भिंत घालायला निघाले आहेत. मी सोमवारी टेबलावरून उठलो नाही, तर तेराव्याच्या आत भिंत उभी राहील आणि वर्षाच्या आत घर तिसऱ्याच्या घशात जाईल. तसे होऊ नये म्हणून हा खटाटोप.

कलम १. माझी पत्नी झुंबरबाई सहा वर्षांपूर्वी वारली. मागे थोरला मुलगा किरण, त्याची पत्नी शिल्पा, माहेर धुळे. धाकटा मुलगा स्वप्नील, त्याची पत्नी भूमिका, माहेर पारोळा. किरणचे खतांचे दुकान आहे. स्वप्नील फ्लेक्स छापतो. दोघेही पूर्वी एकाच पक्षात होते. पुढे त्या पक्षाचे दोन तुकडे झाले, तेव्हा एक या तुकड्यात राहिला, दुसरा त्या तुकड्यात गेला. कोण कुठे, ते मी लिहीत नाही. हे मृत्युपत्र उघडले जाईपर्यंत अदलाबदल झालेली असू शकते.

कलम २. राजकारणाविषयी माझे म्हणणे थोडक्यात नोंदवून ठेवतो, कारण माझ्या मागे ते कोणाच्याही तोंडी घातले जाईल. मी नोकरीत असताना कितीतरी निवडणुकांची कामे केली. पेट्या वाहिल्या, यंत्रे वाहिली, बोटांना शाई लावली. इतके करून एवढेच शिकलो की हरलेला म्हणतो यंत्रात गडबड आहे आणि जिंकलेला म्हणतो जनता हुशार आहे. पुढच्या खेपेला दोघे जागा बदलतात, वाक्ये तीच राहतात. फुटबॉलमध्येही रेफरीला शिव्या घालतात, पण निदान नव्वद मिनिटे पळून, घाम गाळून मग घालतात.

फुटबॉलचा खेळाडू संघ बदलतो तेव्हा सर्वांसमक्ष बदलतो. त्याला ठरावीक महिने असतात. तो नवा सदरा अंगात घालून फोटो काढतो आणि जुन्या मैदानावर आला की लोकांची हुर्यो निमूटपणे ऐकून घेतो. आमच्याकडे माणूस सामना चालू असताना गोलपोस्ट काखेत मारून पलीकडे जातो आणि म्हणतो, मी होतो तिथेच आहे, मैदान सरकले. यावर टाळ्या वाजवणाऱ्यांत माझे दोन्ही चिरंजीव आहेत. स्वप्नील तर भावाच्या नेत्याचेही फ्लेक्स छापून देतो. निष्ठा दुकानाबाहेर चपलांजवळ काढून ठेवायची असते, असे त्याचे धोरण दिसते.

यंदाचे मत मी तेरा तारखेला दिले. कोणाला दिले ते सांगणार नाही. लोकांच्या मताची गुप्तता मी उभ्या आयुष्यात राखली, तेव्हा माझ्या मताची का नको?

कलम ३. मी या खेळाच्या नादी कसा लागलो याबद्दल गावात नाना कथा आहेत. खरी अशी. सन २००४ च्या मार्चमध्ये निवडणुकीच्या कामासाठी केंद्रांची पाहणी करायला गेलो असता आमची जीप खड्ड्यात कलंडली आणि माझा पाय मोडला. प्लास्टरमध्ये पडून होतो. सगळा देश तेव्हा पाकिस्तानातले क्रिकेट पाहत होता, पण आमच्या केबलवाल्याकडे नेमके तेच चॅनल दिसेना. फुटबॉल मात्र स्वच्छ दिसत होता. तेव्हा लाल सदऱ्यातला एक संघ पाहिला. तो त्या अख्ख्या हंगामात एकदाही हरला नाही. एप्रिलमध्ये त्यांनी आपल्या कट्टर शेजाऱ्याच्या, टॉटनहॅमच्या, मैदानात जाऊन विजेतेपद पक्के केले. मला वाटले, वा, हे लोक काही हरणारे नव्हेत, आपण यांच्याच बाजूने राहू.

त्यानंतर आजतागायत विजेतेपद नाही. गेल्या वर्षी बहुतेक हंगामभर पहिले होतो आणि अखेरीस दुसरे आलो. झुंबरबाई म्हणायची, "बाहेरनी टीमसाठे कशाले जीव जाळतस? त्या तुमले वळखतस का?" मी म्हणायचो, आपले पोरं ज्यांचे फ्लेक्स लावतात ते तरी पोरांना कुठे ओळखतात? मग सामना असला की ती शेवभाजी तिखट करायची. मला ती अजून आठवते, आणि सामन्याच्या दिवशी जास्त आठवते.

कलम ४. आता मुलांविषयी. तीन वर्षांपूर्वी विकास सोसायटीची निवडणूक झाली. संचालकाच्या एकाच जागेला किरण उभा राहिला, म्हणून स्वप्नील उभा राहिला. दोघांनी मिळून घरची, नात्यातली आणि गल्लीतली मते अर्धी अर्धी फाडली आणि तिसराच निवडून आला. मला वाटले, आता तरी दोघे तोंड लपवतील. संध्याकाळी किरण पेढे घेऊन आला. मी म्हटले, अरे, तू तर पडलास. म्हणाला, "आबा, पन तोबी पडना ना!" तासाभराने स्वप्नील आला. त्याच्याही हातात पेढे. दुकान तेच, पुडाही तसाच. मी दोघांचे पेढे खाल्ले नाहीत, पितांबरने खाल्ले.

तेव्हापासून दोघांच्या चुली वेगळ्या, मोटारसायकली उभ्या करायच्या जागा वेगळ्या आणि माझी विचारपूस करण्याच्या वेळाही वेगळ्या. मला बरे नाही हे कळल्यावर दोघांनी आपापल्या नेत्याकडे धाव घेतली. एकाचा नेता या दवाखान्यात सोय लावणार, दुसऱ्याचा त्या. कोणाचा फोन आधी जातो यावरून घरात वाद, आणि इकडे माझे हृदय वाट पाहत बसलेले. अखेर दोन्ही सुना कोणालाही न विचारता एसटीने जळगावला गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या आणि तारीख घेऊन आल्या. कोणत्याही नेत्याची ओळख लागली नाही.

कलम ५. मिळकतीचे वर्णन. मौजे भडगाव येथील राहते घर, अंगण व मागील न्हाणीघरासह. पूर्वेस पितांबर देवराम वाणी यांचे घर, जेथून सिटीने गोल केला की आरोळी ऐकू येते. पश्चिमेस बोळ, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस पडीक जागा. हे घर मी माझ्या पगारातून बांधले असून ते स्वकष्टार्जित आहे. यात वडिलोपार्जित एक खुंटीसुद्धा नाही, म्हणून कोणाचा जन्मसिद्ध वगैरे हक्क पोहोचत नाही. मुलांनी वकिलाला विचारून खात्री करून घ्यावी. वकील वेगवेगळे करतीलच.

महिन्यापूर्वी दोघांनी टेप धरून घर मोजले आणि अंगणापासून न्हाणीघरापर्यंत चुन्याची रेघ ओढली. ती रेघ माझ्या खोलीतून, टीव्ही आणि खुर्ची यांच्या मधून जाते. म्हणजे टीव्ही किरणच्या हद्दीत आणि मी स्वप्नीलच्या. मग विटा आल्या. ट्रॅक्टरचे भाडे दोघांनी निम्मे निम्मे दिले. तीन वर्षांत दोघांनी एकमताने केलेले हे एकमेव काम आहे.

पाठोपाठ चाळीसगाव रस्त्यावरचा एक प्लॉटवाला आला. त्याला दोघे वेगवेगळे जाऊन भेटले होते. "आबा, बठ्ठं ठरी गयं शे. तुम्ही फक्त सही करी द्या," म्हणाला. काय ठरले, विचारले. भिंत झाली की दोघे आपापला अर्धा भाग त्यालाच विकणार होते, आणि एकाला दुसऱ्याचे माहीत नव्हते. मी म्हटले, अरे, स्वस्तात देताहेत, कारण तरी काय सांगितले? त्याने किरणचे बोलणे सांगितले : "माले नही भेटनं ते चाली, पन त्याले भेटाले नको." मी विचारले, आणि स्वप्नील? प्लॉटवाला हसला. म्हणाला, "त्योबी तेच बोलना." मी त्याला चहासुद्धा दिला नाही.

कलम ६. यानंतर घडले ते या मृत्युपत्राचे खरे कारण आहे. चौदा तारखेला सिटीचा सामना टॉटनहॅमशी होता. टॉटनहॅमने सिटीला रोखले असते तर आम्ही पुढे राहिलो असतो. टॉटनहॅमलाही तो सामना जिंकणे फायद्याचे होते; त्यांना वरच्या चार जणांत यायचे होते. जागरण मला बंद असल्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी सामना पाहिला. मुले धुळ्याच्या प्रचाराला गेलेली, म्हणून दोन्ही सुना सोबत होत्या. टॉटनहॅमवर गोल झाला आणि टॉटनहॅमच्याच मैदानात टॉटनहॅमचेच काही प्रेक्षक पाठ फिरवून उड्या मारू लागले. आर्सेनल, पाहताय ना, असे गाऊ लागले. आपण हरलो तरी हरकत नाही, शेजाऱ्याला काही मिळता कामा नये.

शिल्पा म्हणाली, "आबा, हाई काय उलटंच? गोल त्यासवर व्हयना नि त्याच नाची ऱ्हायनात!"

भूमिका बशीतला चहा तसाच ठेवून म्हणाली, "अक्का, इतलं लांब कशाले देखनं? आपला घरमा पेढा वाटायनात ना!"

मी टीव्ही बंद केला. हजारो मैल लांब जाऊन माणसाला आपलेच पोरगे दिसावेत, याची मला लाज वाटली. निवडणुकीत देशभर हेच चालले आहे असे मी वर्षानुवर्षे चारचौघांत सांगत आलो. आपले भले होवो न होवो, त्यांची जिरली पाहिजे, एवढ्यासाठी माणसे उन्हात रांगा लावतात. पण ते बोलताना मी नेहमी गावाकडे बोट दाखवीत होतो, आणि रेघ माझ्याच खोलीतून गेली होती.

कलम ७. सबब मी असे लिहून ठेवतो की, कलम ५ मधील संपूर्ण घर माझ्या पश्चात माझ्या सुना सौ. शिल्पा किरण बोरसे व सौ. भूमिका स्वप्नील बोरसे या दोघींच्या नावे, एकत्र, अविभक्त राहावे. किरण व स्वप्नील यांना घरात मालकी हक्क देत नाही. त्यांना राहता येईल, बायकांची हरकत नसल्यास.

या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, असे माझ्या मुलांना वाटते. अंगणात समोरासमोर आल्या तर तोंड फिरवतात, हंडे आदळतात. ते सारे तुमच्या समाधानासाठी चालते, हे मुलांना आज प्रथमच कळत असेल. शनिवार-रविवारी तुम्ही सभांना गेलात की शिल्पा मला गोळ्या द्यायला येते आणि भूमिका पाणी द्यायला. गोळी गिळायला दोन तास लागतात. भरीत एकीच्या चुलीवर होते, कळण्याच्या भाकरी दुसरीच्या, आणि ताट एकच असते. शिल्पाला सगळ्या खेळाडूंची नावे पाठ आहेत. भूमिका रेफरीला अहिराणीत जे बोलते ते या कागदावर लिहिता येणार नाही. आमचा संघ हरला तर तिघेही जेवत नाही, आणि दुसरा कोणी हरला म्हणून कधी टाळी वाजवत नाही. झुंबरबाई गेल्यानंतर हे घर आठवड्यातून तेवढाच वेळ घर असते.

घर विकू नये अशी अट मी घालत नाही. तशी अट कायद्यापुढे टिकत नाही हे मला माहीत आहे, आणि त्या दोघींना अटीची गरज नाही.

कलम ८. टीव्ही दोघींचा. खुर्चीही दोघींची, पण तिचा डावा हात ढिला आहे, गोल झाल्यावर जपून उठावे. लाल मफलर माझ्याबरोबर सरणावर द्यावा. कोणत्याही पक्षाचे उपरणे अंगावर टाकल्यास मी उठून बसेन.

कलम ९. बँकेतील ठेव किरण व स्वप्नील यांना समान. या मृत्युपत्राला आव्हान देण्यासाठी कोर्टात जावेसे वाटल्यास तो खर्च त्यातूनच भागवावा, बायकांकडे मागू नये.

कलम १०. पितांबर वाणी यांस. तू सिटीच्या मागे लागलास तो सिटी जिंकायला लागल्यावर. त्याआधी तू कोणाच्या मागे होतास ते विचारले की तुला खोकला येतो. ज्याचे सरकार त्याचा सत्कार करणाऱ्यांत आणि तुझ्यात मला फरक दिसत नाही. दर मे महिन्यात भिंतीवरून डोकावून "आबा, औंदाबी पहिला नंबर नही का?" असे विचारून तू माझा रक्तदाब वाढवलास, याची नोंद डॉक्टरांच्या कागदात असायला हवी होती. तथापि तू या मृत्युपत्राचा साक्षीदार असल्याने कायद्याने तुला काहीही ठेवता येत नाही. याचा मला विशेष आनंद आहे.

कलम ११. गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या, दिवशी माईक लावू नये. माईक असला की नेते येतात, आणि नेते आले की माझे व त्यांचे घरोब्याचे संबंध होते असे सांगतात. माझे कोणाशीही घरोब्याचे संबंध नव्हते. दारावर सांत्वनाला येणाऱ्याने यावे, बसावे, पाणी प्यावे आणि जावे. श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावू नये. स्वप्नीलला राहवलेच नाही तर त्यावर माझ्यापेक्षा मोठा फोटो कोणाचा नसावा.

कलम १२. सोमवारी धुळ्याचे मतदान आहे. दोघांनाही बूथ सांभाळायला धुळ्याला जायचे आहे. एकाने जायचे रद्द केले असते तर दुसऱ्यानेही केले असते. पण आधी कोण, यावर अडले. आज सकाळी दोघेही वेगवेगळे येऊन पाया पडून गेले. म्हणाले, आबा, शिल्पा-भूमिका आहेत ना. होय, त्या आहेत.

मला राग नाही, असे येथे लिहिण्याची पद्धत आहे. परंतु मन ठिकाणावर असल्याचे मी वर लिहून दिले आहे, तेव्हा खोटे लिहीत नाही. मला राग आहे आणि वाईटही वाटते.

मी शुद्धीवर आलो तर पहिल्यांदा इंग्लंडचा निकाल सांगावा. दुसरे आलो असलो तर दुसरेच सांगावे, मला ते झेपते. धुळ्याचा निकाल चार जूनला लागायचा आहे. त्याची मला घाई नाही.

आता फक्त अंगणातल्या विटा राहिल्या. त्या किरण आणि स्वप्नील यांनी निम्म्या निम्म्या पैशाने आणल्या असल्याने त्या मी देण्याचा प्रश्न येत नाही. त्या त्यांच्याच आहेत. मात्र माझी एक मागणी आहे. भिंत होणार नाही, तेव्हा त्या विटांचा माझ्या खोलीच्या खिडकीखाली एक ओटा बांधावा. गवंडी लावू नये, दोघांनी मिळून बांधावा. दोन माणसे टेकतील एवढाच असावा. सामन्याच्या संध्याकाळी दोघांनी तिथे बसावे. आतून आवाज येईल, त्यावरून गोल कोणी केला ते कळते. झुंबरबाईला स्वयंपाकघरातून कळत असे. आत यावेसे वाटले तर यावे. दाराला कडी लावू नये, असे मी सुनांना सांगून ठेवत आहे.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी राजीखुशीने लिहून, वाचून, समजून त्यावर सही केली आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आढळल्यास ते माझे नव्हे.

ठिकाण : भडगाव
दिनांक : १८ मे २०२४, शनिवार

सही : उ. गि. बोरसे

साक्षीदार १ : डॉ. प्रज्ञा सपकाळे, भडगाव. श्री. बोरसे यांनी माझ्यासमक्ष सही केली व मी त्यांच्यासमक्ष केली. प्रकृती शस्त्रक्रियेस योग्य, बुद्धी तल्लख, जीभ तिखट.

साक्षीदार २ : पितांबर देवराम वाणी, भडगाव. आबांनी सर्व मजकूर आम्हाला स्वतः वाचून दाखवला. माझे कलम मोठ्याने वाचले. शेवटचे कलम वाचताना ओट्यापाशी थांबले. मी पाणी दिले, मग त्यांनी पुढे वाचले. उद्याच्या सामन्याबद्दल मी आज एक शब्दही बोललो नाही.